तीन गाठींचं वांगं

यंदाही मी कुंड्या उपड्या घातल्या. आठ कुंड्या, एक फुटकी बादली आणि तेलाचा आडवा कापलेला डबा. डब्यातली माती वर्षभरात अशी घट्ट बसली होती की बुडावर कितीही थापट्या मारल्या तरी निघेना. शेवटी निघाली ती अख्खीच, डब्याचा आकार घेऊन, आणि तिच्यात गेल्या वर्षीच्या मुळांचं जाळं जसंच्या तसं. ते हातात धरून मी तिथंच पायरीवर बसले. मागच्या दारातून अक्का म्हणाल्या, "काय ग, मातीशी बोलायलीस की काय? आवर की लवकर. आभाळ भरलंय."

अक्का म्हणजे ज्यांच्या घरी मी स्वयंपाक करते त्या. धारवाडला शाळेत शिकवत होत्या, आता ऐंशीच्या पुढे आहेत. नवनगरात त्यांचं घर आहे आणि घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो, मी आणि माझा नवरा. तो तारिहाळला कारखान्यात जातो. या घराच्या मागं दहा पावलं लांब आणि सहा पावलं रुंद अशी मोकळी जागा आहे. अकरा वर्षांपूर्वी आम्ही आलो तेव्हा अक्का म्हणाल्या होत्या, "तिथं काय लावायचं ते लाव. मला विचारू नकोस." एवढं मोठं वाक्य मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या माहेरी जमीन होती, पण कुठं काय लावायचं हे मला कुणी कधी विचारलं नाही आणि मला विचारायची वेळही आली नाही.

इथं नवनगरात माती दोन्हीकडची. धारवाडकडून आलं तर तांबडी, हुबळीकडून आलं तर काळी. मी दोन्ही मिसळते, वर चुलीची राख आणि कुजलेलं शेणखत. चाळणीनं चाळते. मूठ आवळून बघते, गोळा झाला आणि बोटानं टोचताच फुटला की माती झाली. हे मी शाळेत शिकले नाही. शाळेत आठवीला एक आकृती होती, रुजणारं बी. खाली प्रश्न असायचा, आकृती काढा व भागांना नावे द्या. माझी आकृती वर्गात सगळ्यांत चांगली यायची. नावंही सगळी पाठ होती. नववीची शाळा दुसऱ्या गावाला होती, ओढ्यापलीकडे, आणि मुलीनं एकटीनं ओढा ओलांडायचा नाही असं घरात ठरलं. वही मिटली. अजूनही बी मातीत टाकताना माझ्या डोळ्यांपुढं ती पेन्सिलची रेघ येते, वाकलेल्या मानेसारखी. मातीतून बाहेर येतं तेव्हा ते खरंच तसंच येतं, मान खाली घालून.

माहेर सांगोल्याकडं. विजापूरला गाडी बदलावी लागते. सकाळी निघालं तर दिवेलागणीला पोचतं माणूस. तिथं आई आहे, भाऊ आहे, वहिनी आहे. भावानं सगळ्या रानात डाळिंब लावलं, बांधापर्यंत. बांधावर आईची वांगी होती ती गेली. आईनं तक्रार केली नाही. पण पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेल्या तीन पुरचुंड्या तिनं माझ्या पिशवीत टाकल्या. म्हणाली, "हितं आता जागा न्हाय. तुझ्याकडं परसू हाय न्हवं?"

आईला अक्षर येत नाही. तिची लिहायची रीत म्हणजे गाठी. एका गाठीचं म्हणजे भरताचं मोठं वांगं. दोन गाठींचं म्हणजे जांभळं, भाजीचं. आणि तीन गाठींचं ते. त्या वांग्याला आमच्यात नाव नाही. बुटकं, हिरवं, त्यावर पांढरे पट्टे, देठाला असे काटे की तोडताना बोटातून रक्त यायचं. आई ते निखाऱ्यावर भाजायची आणि लसूण-मीठ लावून नुसतंच द्यायची. भाकरी नको, काही नको. तिच्या आईकडून आलं होतं ते. बाजारात मी कुठं पाहिलं नाही, इकडंही नाही अन् तिकडंही नाही.

त्या पुरचुंड्या मी वर्षभर कणगीवर ठेवल्या. लावीन लावीन म्हणत राहिले. मग गेल्या वर्षी आषाढाच्या तोंडावर वहिनीचा फोन आला. आईच्या पोटात काही राहत नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं, दोनदा तपासलं, आणि घरी घेऊन जा म्हणाले. वहिनी म्हणाली, "काय खावंसं वाटतंय इचारलं तर म्हणत्यात, ते वांगं. आता कुठलं आणू मी ते?"

मी कणगीवर बघितलं. पुरचुंड्या तिथंच होत्या.

त्या दिवशी मी जे केलं ते करायला नको होतं. मला भीती वाटली, बी दमट झालं असेल, बुरशी आली असेल, उगवणारच नाही. भीती वाटली की माझे हात चालायला लागतात, डोकं मागून येतं. मी तिन्ही पुरचुंड्या सोडल्या आणि तीन ढीग एका सुपात करून उन्हाला ठेवले. मनात म्हटलं, डावीकडचा एक गाठीचा, मधला दोन, उजवीकडचा तीन. चिंध्या झटकून वाळत टाकल्या. आत कुकर लावायला गेले. तेवढ्यात सर आली. धावत येऊन मी सूप पदराखाली घेतलं, आणि आत येऊन बघते तर सगळं एक झालेलं. वांग्याचं बी ते वांग्याचं बी. एवढंसं, चपटं, पिवळट. कुठलं कुठलं ते देवाला कळेल.

आईनं लिहून दिलेलं मी पुसलं होतं. शाळेत गेलेली मी, आणि पुसलं कुणी तर मीच.

अक्कांना सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्या चष्मा काढून सुपाकडं बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "सगळंच पेर. उगवलं की आपापलं सांगतंय की ते." मी सगळंच पेरलं. आठ कुंड्या, बादली, डबा. बोटाच्या नखाएवढं खोल, वरून चाळलेल्या मातीचा पातळ पापुद्रा, त्यावर गवत.

आणि मग काहीच करायचं नव्हतं.

पेरल्यानंतरचे ते आठ-दहा दिवस. शेतकऱ्याच्या घरात वाढलेय मी, पण तोवर ते दिवस मी असे मोजले नव्हते. रानात पेरलं की रान मोठं असतं, माणूस दुसऱ्या कामाला लागतो. कुंडी डोळ्यांसमोर असते. पोळी लाटताना खिडकीतून दिसते, भांडी घासताना दिसते. बघून बघून काही होत नाही हे कळतं, पण नजर जाते. फोन वाजला की आधी आई आठवायची आणि मग कुंडी. हळूहळू दोन्ही एकच झालं. मी सकाळी गवत उचलून बघायचे आणि बी वर आलं नसेल तर मला वाटायचं, आज तिकडं काहीतरी वाईट झालं असणार.

नवव्या दिवशी मान खाली घातलेले हिरवे आकडे दिसले. मी अक्कांना हाक मारली, आणि दाखवायला बोट पुढं केलं, आणि लगेच वाकवलं. कोवळ्या कोंबाला सरळ बोट दाखवायचं नाही, तो कुजतो. आई नेहमी बोट वाकवून दाखवायची. अक्का हसल्या. "बोट वाकवलं म्हणून वाचतंय होय ग?" पण त्यांनीही मग हात पाठीमागं घेतला.

इथं श्रावणात जो पाऊस पडतो त्याला जिटिजिटि म्हणतात. नाव बरोबर आहे. पडतो असं म्हणता येत नाही, थांबला असंही म्हणता येत नाही. कपडे वाळत नाहीत, मीठ ओलं होतं, भिंतीला हात लावला तर घाम आल्यासारखं वाटतं. त्या हवेत रोपांना पाणी लागत नाही. हे मला माहीत होतं. माहीत असून मी घालत होते. सकाळी एक तांब्या, दुपारी जरा, संध्याकाळी वहिनीचा फोन झाला की पुन्हा. आईनं आज दोन चमचे पेज घेतली म्हटलं तरी पाणी, घेतली नाही म्हटलं तरी पाणी. माझ्या हाताला तेवढंच करता येत होतं. अडीचशे किलोमीटर लांब असलेल्या माणसाच्या तोंडात काही घालता येत नाही, कुंडीत घालता येतं.

मंगळवारी कलघटगीहून गंगव्वा भाजीची बुट्टी घेऊन येते. अक्कांच्या दारात बुट्टी उतरवायची, चहा प्यायचा, मग पुढं. त्या मंगळवारी ती मागच्या दारानं आली आणि कुंड्यांपाशीच उभी राहिली. "इदेन माडीयव्वा?" म्हणाली. हे काय करून ठेवलंस. मी बघितलं. रात्रीत रोपं लवली होती. पानं हिरवीगार, आणि जमिनीला टेकते तिथं मान दोऱ्यासारखी बारीक झालेली. एकेक करून आडवी. गंगव्वानं एक उपटून नाकाशी नेलं. "नीर हेच्चागैती," ती म्हणाली. पाणी जास्त झालं. रागानं नाही, जशी भाजीचा भाव सांगते तसं.

मी रडायला लागले. गंगव्वाला काय कळेना. चार रोपांसाठी एवढं? अक्कांनी तिला कानडीत सगळं सांगितलं, आई, पुरचुंड्या, गाठी, सूप. गंगव्वानं बुट्टी बाजूला सरकवली आणि खाली बसली. राख मागितली. मेलेली रोपं मुळासकट काढली, भोवतीची माती खरवडून टाकली, राख भुरभुरली, कुंड्या पत्र्याच्या आडोशाला ओढल्या. मग उरलेल्यांचे देठ एकेक करून वाकून बघितले. "केंपु, केंपु, केंपु," म्हणत एकेक बाजूला केलं. देठ लालसर असला तर ते जांभळ्या वांग्याचं. मग एका रोपाशी थांबली. "हसरू. इदु निंदु." हिरवं. हे तुझं.

सात रोपं वाचली होती. हिरव्या देठाचं एक.

एक रोप. मला तेव्हा वाटलं, हे तरी कशाला दिलंस. एकही नसतं तर मी मोकळी झाले असते. वहिनीला सांगितलं असतं, बी उगवलंच नाही. एक असलं की माणूस बांधला जातो.

त्या रोपाला मी स्वतः पाणी घालणं बंद केलं. तांब्या अक्कांच्या हातात दिला. त्या रोज सकाळी येऊन माती बोटानं चाचपून ठरवायच्या, द्यायचं की नाही. भाद्रपदात ते जमिनीत लावलं, चिकूच्या सावलीपासून दूर. दसऱ्याला फुलं आली. दिवाळीत वांगी धरली आणि धरली तशी किडली. शेंड्यात अळी, फळात अळी. रोज सकाळी भोक पडलेली वांगी तोडून टाकायची, हेच काम. शेवटी एक राहिलं, पानाआड, खाली. मुठीएवढं. हिरवं, पांढरे पट्टे. देठाला काटे. मी बघितलं आणि तोंडात लसूण-मिठाची चव आली.

मी नवऱ्याला म्हटलं, शनिवारी जायचं. तो म्हणाला, जा. अक्का म्हणाल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून ने, सुकणार नाही. पिशवी भरून ठेवली. शुक्रवारी आईला फोन केला. वहिनीनं तिच्या कानाला लावला. आईचा आवाज तेव्हाच लांबून आल्यासारखा झाला होता.

"आई, एक लागलंय. उद्या घिऊन येते."

"किती लागल्यात?"

"एकच राहिलंय. बाकीची किडली."

मग ती म्हणाली, "चिंधी बांधलीस का?"

चिंधी म्हणजे काय ते मला माहीत होतं. पहिलं चांगलं फळ बियाला ठेवायचं आणि कुणी चुकून तोडू नये म्हणून त्याच्या देठाला चिंधी बांधायची. आमच्या घरात चिंधी बांधलेल्या फळाला कुणी हात लावला नाही कधी, दुष्काळातही नाही.

"आई, तुला खायचं हाय न्हवं ते? मी तुझ्यासाठी…"

"मी एक वांगं खाऊन काय मोठी हुणार हाय व्हय?" ती म्हणाली. मागं वहिनी हसल्याचं ऐकू आलं. "बियाला ठेव. येवढं शिकलीस, तुला कळत न्हाय?"

येवढं शिकलीस. आठवी.

वांग्याला चिंधी बांधली आणि शनिवारी मी गेले. रिकाम्या हातानं नाही, अक्कांनी धारवाडी पेढा दिला होता. त्यातला चण्याएवढा आईनं जिभेवर धरला. दोन दिवस मी तिच्या पायांशी बसले. लेकीनं माहेरी जाऊन जास्तीत जास्त काय करायचं, तर बसायचं. औषध वहिनी देते, उठवून बसवतो भाऊ. त्यांच्या कामात मी मधेमधे येते. मी येताना आईनं विचारलं नाही, परत कधी येशील. तिनं विचारलं, चिंधी कशाची बांधलीस. मी म्हटलं, तुझ्याच लुगड्याची, तीन गाठींची होती त्यातली. ते मी ठोकून दिलं. कुठली चिंधी तीन गाठींची होती हे मला ठाऊकच नव्हतं. सगळ्या सोडून झटकून टाकल्या होत्या मी. पण आईला बरं वाटलं.

मग महिनाभर मी ते वांगं पिकताना बघितलं. आधी पट्टे गेले, मग हिरवं गेलं, मग सगळं पिवळं झालं, कातडी जाड झाली. खाण्यासारखं वांगं खाण्यासारखं राहिलं नाही, रोज थोडं थोडं. प्रत्येक दिवशी वाटायचं, अजून तोडलं तर, अजून नेलं तर. एक दिवस असा आला की आता तोडून उपयोग नाही हे नक्की झालं, आणि त्या दिवशी मला जरा शांत झोप लागली. अंगात तेवढी भीती असलेल्या माणसाला काही ठरवायचं शिल्लक नसणं हीच विश्रांती.

बी काढलं, धुतलं, राखेत घोळलं, वाळवलं. यावेळी सुपात नाही, ताटात, आणि ताट सोडून कुठं गेले नाही. चिंधीत बांधलं. तीन गाठी मारल्या. अक्का म्हणाल्या, "आत चिठ्ठी घाल की, नाव लिहून." मी कागद घेतला, पेन घेतलं. भागांना नावे द्या. काय लिहू? नाव नव्हतंच त्याला. शेवटी लिहिलं, आईचं. तेवढंच. गाठीही मारल्या आणि चिठ्ठीही घातली. नुसत्या एकीवर माझा भरवसा नाही.

ते बी यंदा पेरलंय. डब्यात आणि दोन कुंड्यांत. आजचा चोविसावा दिवस. एकतीस रोपं आली, त्यातली पाच लालसर देठाची निघाली. शेजारी जांभळी होती ना गेल्या वर्षी, माश्यांनी इकडचं तिकडं केलं असणार. ती गंगव्वाला दिली. सव्वीस उरली.

आई आहे. म्हणजे आहे. भाद्रपद, दसरा, दिवाळी, एवढं लांब मी मनात मोजते आणि मग मोजणं थांबवते. रोपाला म्हणता येत नाही की पळ. आईला म्हणायचं ते दुसरं वाक्य मी मनातसुद्धा पुरं करत नाही.

संध्याकाळी वहिनीचा फोन येतो. आई आता फार बोलत नाही. सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही, कोण येऊन गेलं ते आठवत नाही. एकच विचारते. "किती पानं?"

गेल्या आठवड्यात मी खोटं बोलले. रोपांना दोनच पानं होती. मला वाटलं, पुढं गेलंय असं ऐकलं तर तीही जरा रेटेल. म्हटलं, "पाच."

आईनं विचारलं, "दिस किती झालं?"

"अठरा."

"अठरा दिसात पाच पानं? वांगं हाय का दोडका?"

वहिनी इतकी हसली की फोन पडला. मीही हसले, आणि मग हसता हसता मला कळलं की ज्या बाईला आज कुठला वार आहे ते कळत नाही ती माझ्या रोपांचे दिवस मोजते आहे.

आज जिटिजिटि लागलीय सकाळपासून. अक्का आत झोपल्यात. मी डब्यापाशी उभी होते, फोन खांद्यानं कानाला धरलेला.

"किती पानं?"

मी वाकले. बोट वाकवून मोजलं.

"तीन, आई. तिसरं अजून पुरतं उघडलं न्हाय."

"मग अडीच म्हण."

"अडीच."

पत्र्यावर बारीक पाऊस वाजत होता. तिला तो ऐकू गेला असावा. ती म्हणाली, "पाणी कमी घाल."

माझ्या हातात तांब्या होता, भरलेला. मी तो खाली ठेवला.